टोचतंय का?

लासियेमच्या तोंडून 'बोतेन' कुणी कधी ऐकलं नव्हतं. बोतेन म्हणजे नाही. आमच्या जावातल्या खेड्यांत वडीलधाऱ्या माणसाला, पाहुण्याला, सरकारी नोकराला तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही. 'इंगे' म्हणायचं. इंगे म्हणजे हो. पण ते हो कशासाठी, हे ज्याचं त्याने ओळखून घ्यायचं. शिडी मागायला आलेल्या शेजाऱ्याला इंगे म्हणायचं आणि शिडी द्यायची नाही. शेजारीही समजून जातो आणि दुसऱ्या घरी विचारतो. कुणाचं काही अडत नाही. लासियेम तर या बाबतीत साऱ्या गावाच्या वरताण होती. बाईने जन्मभर इतकी इंगे वाटली होती की तिला खरोखर काय हवं आहे हे तिच्या नवऱ्यालाही धड ठाऊक नव्हतं.

तिचा धंदा जामूचा. पहाटे हळद-चिंच, तांदूळ-कचोरा, विड्याची पानं असे काढे उकळायचे, बाटल्यांत भरायचे, बाटल्या वेताच्या टोपलीत उभ्या करायच्या आणि ती टोपली लांब फडक्याने पाठीशी आवळून गल्लोगल्ली हिंडायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या पाठीवर ही टोपली होती. चार बाळंतपणं झाली, तेवढेच दिवस काय ती खाली उतरली असेल. तिच्याकडे सगळ्यात जास्त खपायचा तो बाळंतिणींचा काढा, पोट आणि खालचं अंग आवळून आणणारा. बायका नाक दाबून प्यायच्या आणि वर म्हणायच्या, "यू लासियेम, याने नवरा घरात टिकेल ना?" यू म्हणजे ताई. लासियेम म्हणायची, "इंगे, माझा टिकलाय की."

त्या सालच्या उन्हाळ्यात उताराच्या वाटेवर तिचा पाय घसरला. पडली नाही, टोपली सावरली, बाटली एकही फुटली नाही. पण कमरेत काहीतरी सटकलं. मग डाव्या पायात कळ जायला लागली, मांडीपासून टाचेपर्यंत. तिने खोबरेल तेल चोळलं, फडकं आणखी आवळून बांधलं आणि चालू लागली. काही दिवसांनी कळ कमी झाली. तिला वाटलं, बरं झालं. बिचारीला काय ठाऊक, कळ जाते तेव्हा दर वेळी दुखणं जात नाही.

मग एके दिवशी विहिरीजवळच्या घरापुढे ती काढा ओतत उकिडवी बसली होती. समोरची बाई फिसकन हसली.

"यू, तुझ्या बाटलीचं बूच गळतंय गं! बघ, घोट्यापर्यंत ओघळ आलाय."

लासियेमने खाली पाहिलं. कमरेला गुंडाळलेला सारोंग मांडीपासून खाली ओलागच्च झाला होता. बाटल्या मात्र सगळ्या कोरड्या होत्या.

"इंगे," ती म्हणाली, "बूच जुनं झालंय. बदलायला हवं."

बायकांना काय ते कळलं. मग ज्याच्या त्याच्या गोष्टी निघाल्या. एकीला शिंकेसरशी होतं, दुसरी म्हणाली, मी तर नातवाला उचलायचं सोडलंय, उचलला की आम्ही दोघंही ओले. खूप हसल्या. लासियेमही हसली. पण या सगळ्यांना कळायचं आणि आवरायचं नाही. तिला कळलंच नव्हतं. ओल पायावर आली होती, आणि ती दुसऱ्या बाईने सांगेपर्यंत तिला पत्ता नव्हता.

थोरली मुलगी विनार्सिहच तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिचं लग्न ठरलं होतं आणि आईचे वाळत घातलेले सारोंग तिच्या नजरेत आले होते. "माक, रोज एवढी धुणी कुणाची गं?" असं तिने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा लासियेमने हळदीच्या डागांवर बोट ठेवलं. तिसऱ्या वेळी पोरीने विचारलं नाही, हात धरून उठवलं.

तिथे नवीन डॉक्टर आली होती, रोनाउली नावाची. सुमात्राच्या बाताक मुलखातली. बाताक माणसं हसतानाही भांडल्यासारखी बोलतात अशी त्यांची ख्याती आहे, आणि ही तर हसायचीही कमीच. पण हुशार होती आणि मनाने सरळ. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, अशा घरात वाढलेली. बाहेर लस टोचायला आणलेल्या पोरांचा आकांत चालला होता. विनार्सिहला पडद्याबाहेर बसवून डॉक्टरने लासियेमला टेबलावर आडवं केलं, खोकायला लावलं, पोट दाबून पाहिलं.

"कंबर दुखते?"

"जामूवालीची कंबर, बू डॉक्टर. ती दुखायचीच."

बू म्हणजे बाई, इबूही तेच. डॉक्टर चक्क हसली. मग तिने समजावून सांगितलं, मोठ्या आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं. "हे बघा इबू, लघवीच्या वाटेभोवती एक स्नायू असतो. परकराची नाडी असते ना, तसा. गाठ मारली की बंद, सोडली की सुरू. बाळंतपणांनी तो सैल होतो, त्याला औषध आहे, व्यायाम आहे. पण ती नाडी आवळायचा हुकूम ज्या नसा देतात त्या कण्याच्या तळातून येतात. बसायच्या जागेला लागलंखुपलं तर तेही याच नसा कळवतात. म्हणून मी आता सुईने टोचून बघणार. टोचलेलं कळलं तर नसा धड आहेत, नुसता स्नायू ढिला. नाही कळलं तर मग वेगळं प्रकरण."

"वेगळं म्हणजे, बू डॉक्टर?"

"मग त्याच दिवशी शहरात. कण्याचं ऑपरेशन."

असं सांगून झाल्यावर तिने सुई घेतली. आता या बाईला कुणी सांगावं, की आधी सुरी दाखवून मग जावातल्या बाईला प्रश्न विचारायचा नसतो!

"टोचतंय का?"

मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं ते कळलं. "इंगे," लासियेम म्हणाली.

"आता?"

हे कळलं नाही. पण डॉक्टर वाट बघत होती. भल्या घरची शिकलेली पोर, आपल्यासाठी वाकून उभी आहे. लासियेम म्हणाली, "इंगे."

"आता?"

"इंगे, बू डॉक्टर."

दर इंगेला डॉक्टरचा आवाज जरा मोकळा होत होता, आणि लासियेमला तेही बरं वाटत होतं. आतल्या आत मात्र ती गार पडत चालली होती. सुई कुठे फिरत होती ते तिला कळतच नव्हतं. मग डॉक्टर म्हणाली, "आवळा बघू. लघवी मध्येच थांबवता तशी." लासियेमने जे जे आवळता येत होतं ते सगळं आवळलं. मांड्या आवळल्या, पोट आवळलं, मुठी आणि दातसुद्धा. "आवळलं?" "इंगे."

डॉक्टरच्या कपाळावर क्षणभर आठी पडली. "जोर फारच कमी आहे," ती म्हणाली. पण बाहेर पोरं किंचाळत होती, आणि सगळ्या टोचण्यांना हो आलं होतं. तिने व्यायाम दाखवला. हातमोजे काढताना म्हणाली, "चांगली बातमी आहे, इबू. नसा ठीक आहेत."

घरी नवऱ्याने, वार्जोने, पिंजऱ्यातल्या पाखराला दाणे घालत विचारलं, "काय म्हणाली बाताकीण?"

"नाडी ढिली झालीय म्हणाली."

"मग आवळ की!" तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसला.

खरं सांगायची तर ती वेळ होती. पण लग्नाचा मुहूर्त दोघांचे जन्मवार जुळवून म्हाताऱ्या मानकऱ्याने काढलेला. तो टळला की सुरोचा महिना लागणार, आणि सुरोत आमच्याकडे कुणी मांडव घालत नाही. त्यातून व्याही आधीच नाकाने कांदे सोलणारे. नवरीच्या आईला असलं काही झालंय हे त्यांच्या कानी गेलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न होऊ दे, मग सांगू, असं लासियेमने ठरवलं. हे कारण खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं म्हणजे भीती. डॉक्टरला नाही म्हटलं नाही तोवर तो आजार नव्हताच, नुसतं जुनं बूच होतं. आणि तिची ती भीती मला समजते, पण तिच्यावरचा राग काही जात नाही.

कारण दुखणं काही मुहूर्त बघत नव्हतं. आता तिला दिवस दिवस लघवीची भावनाच होईना. पोट फुगून घट्ट व्हायचं आणि मग आपोआप पाझरायला लागायचं, वरून भरून वाहणाऱ्या हौदासारखं. डाव्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी निघून पडायची आणि ती तशीच घरापर्यंत यायची. न्हाणीघरात तिने एकदा नखांनी स्वतःला चिमटे काढले. चांगले दात-ओठ खाऊन काढले. नखांचे वळ उठले, एका ठिकाणी रक्त आलं. तिने ते बोटावर घेऊन पाहिलं. दुखलं नाही. पाटावर बसलं की वाटायचं, आपण दुसऱ्याच कुणाच्या अंगावर बसलोय. त्या दुसऱ्या बाईची जागा रोज थोडी थोडी वाढत होती.

तिने आपलाच आवळायचा काढा दुप्पट प्यायला सुरुवात केली. दुसरं ती काय करणार होती!

लग्नाला थोडेच दिवस उरले आणि घर माणसांनी भरलं. मागच्या अंगणात शेजारणी नारळ खवत होत्या, सोयाबीनच्या तेंपेच्या वड्या तळत होत्या, एकमेकींच्या सुनांचा उद्धार करत होत्या. नवरीला सजवणारी बू सुमार्नी आली ती आपलं सगळं सामान घेऊन: हळदीचं उटणं, फुलं, आणि धुरीची खुर्ची. बसायच्या जागी भोक असलेली ती बुटकी लाकडी खुर्ची. खाली मातीची शेगडी, तिच्यात निखारे, निखाऱ्यांवर सुगंधी मुळ्यांची पूड. नवरीने सारोंग सैल सोडून वर बसायचं आणि खालून धूर घ्यायचा. लग्नाआधी सगळ्याच पोरी घेतात.

विनार्सिह लाजून लाल झाली आणि अर्ध्यातच उठली. "पुरे! चटके बसतात."

"बसू देत की चटके. नवरा काय बर्फाचा मिळणार आहे?" बू सुमार्नी म्हणाली. अंगण खदखदलं. मग तिची नजर लासियेमकडे वळली. "ये गं यू, तू बस. निखारे फुकट कशाला घालवायचे? नवीन घालते. तुझं बूच गळतं म्हणतात, याने चांगलं बसेल."

लासियेमला नको होतं. कमरेखालच्या त्या परक्या बाईला तिला आगीजवळ न्यायचं नव्हतं. पण सगळ्या बघत होत्या.

"इंगे," ती म्हणाली, आणि बसली.

बू सुमार्नीने शेगडीत ताजे निखारे घातले, पूड टाकली, सारोंग चहूकडून नीट पसरला आणि नवरीच्या हातांना उटणं लावायला गेली. बसल्या जागी लासियेम लसूण सोलायला लागली. धूर वर येत होता, चंदनाचा आणि कचोऱ्याचा वास सुटला होता. कधी नव्हे ते तिला बरं वाटलं. पोर उटण्याने पिवळी झालेली समोर बसलीय, मांडवाला माडाची झावळी बांधताहेत, सगळं वेळेवर होतंय. आणखी थोडेच दिवस, तिने मनाशी म्हटलं.

थोड्या वेळाने तिने नाक वर केलं.

"अगं, कुणीतरी बघा गं! चुलीवर काहीतरी करपतंय."

एक जण धावत गेली. आतून ओरडली, "नाही गं, तेल तर आत्ताच उतरवलंय!"

"मग भात असेल. चांगलंच करपतंय, मला इथवर वास येतोय. कातडं भाजल्यासारखा."

आता सगळ्यांनाच वास यायला लागला. नारळ खवणारीचा हात थांबला. एकीने मांडवाकडे पाहिलं, एकीने कचऱ्याच्या ढिगाकडे. बू सुमार्नीने मात्र लासियेमच्या सारोंगाकडे पाहिलं. काठाखालून येणारा धूर मघाशी पांढरा होता, आता काळपट झाला होता. हातातली उटण्याची वाटी तशीच टाकून ती धावली आणि तिने लासियेमला दोन्ही काखांत धरून वर ओढलं. जळकं कापड खाली पडलं. पडताना त्याच्याबरोबर काहीतरी सोलून निघालं.

"काय झालं? काय करपलं?" लासियेम विचारत होती. हातातला लसूण तिने अजून सोडला नव्हता.

 विनार्सिह आईच्या मागे जाऊन उभी राहिली, तिने पाहिलं, आणि पिवळे हात तोंडावर धरले.

"माक," ती म्हणाली, "माक, तुला दुखत नाहीये?"

लासियेमने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग तिला सगळं कळलं. ती 'दुखतंय की' म्हणणार होती. शब्द ओठांवर आला होता. पण एवढ्या बायकांनी जे पाहिलं होतं, त्यावर पांघरूण घालायला तिच्याकडे इंगेसुद्धा उरलं नव्हतं.

दवाखान्यात तिला कुशीवर निजवलं. डॉक्टर रोनाउलीने भाजलेली जागा पाहिली, पायांवर हातोडी मारून पाहिली, पोटावर हात ठेवला, आणि काही बोलली नाही. बाताक बाई गप्प बसली, याची लासियेमला सुरीपेक्षा जास्त भीती वाटली.

"त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात," शेवटी डॉक्टर म्हणाली. "प्रत्येक टोचणीला."

"मी इंगे म्हणाले, बू डॉक्टर."

"इंगे म्हणजे हो ना?"

विनार्सिहने मान खाली घातली. लासियेमला खूप शरम वाटली. स्वतःची वाटली आणि या परमुलखातल्या पोरीचीही, जिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

"इंगे म्हणजे," ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत ते मी ऐकलं."

डॉक्टर स्टुलावर बसली. थोडा वेळ तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. मग उठली आणि बाहेर गाडी तयार ठेवायला सांगून आली. "आजच ऑपरेशन करावं लागेल. शहरात फोन केलाय. कण्यातली गादी सरकून नसांवर बसलीय. आता मी खरं ते सांगते, तुम्हीही खरंच सांगायचं. तिथे थोडी जरी जाणीव उरली असेल, एका बोटाएवढी, तरी नसा परत येतील अशी आशा धरता येते. काहीच उरलं नसेल तर पाय बहुधा वाचतील. पण ती नाडी पुन्हा कधी आवळली जाणार नाही. लघवी जन्मभर नळीने काढावी लागेल."

"आणि लग्न?" विनार्सिहने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "खड्ड्यात जाऊ दे लग्न."

"गप गं," लासियेम म्हणाली.

"या वेळी मी विचारणार नाही," डॉक्टर म्हणाली. "डोळे मिटा. टोचलं की तुम्ही स्वतःहून 'आत्ता' म्हणायचं. नाही टोचलं तर गप्प राहायचं. माझ्यासाठी काही म्हणू नका. समजलं?"

लासियेमने मान हलवली आणि डोळे मिटले. विनार्सिह उशाशी बसली, तिने आईचा हात आपल्या ओंजळीत घेतला. उटण्याचा हळदीचा वास आला.

आता ती खरं सांगणार होती. एवढं खरं तिने आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. तिने सगळं लक्ष खाली नेलं, त्या दुसऱ्या बाईच्या अंगात, आणि दारात उभं राहून हाक मारावी तशी आत हाक मारली. एका बोटाएवढं पुरे, डॉक्टर म्हणाली होती. कुठेतरी असेल. डाव्या बाजूला नसेल, उजवीकडे असेल. सुईच्या टोकाएवढं कळलं तरी ती 'आत्ता' म्हणणार होती, मोठ्याने, बाहेर वार्जोला ऐकू जाईल असं. तो तिकडे खोकत होता. गाडीचं इंजिन सुरू झालं. कुणाचं तरी पोर रडत होतं आणि आई त्याला समजावत होती. डॉक्टर अजून तयारी करत असावी. सुया उकळून घेत असेल, कापूस काढत असेल. शिकलेली माणसं कामं सावकाश करतात. लासियेम धीराने वाट बघत राहिली. घाई करून चुकीचं काही बोलायचं नव्हतं.

विनार्सिहची बोटं तिच्या हातावर आवळत गेली, इतकी की सांधे दुखले. मग लासियेमच्या कपाळावर काहीतरी ओलं, कोमट पडलं. ते तिला लगेच कळलं. पोरगी रडतेय. उगाच आधीच रडतेय, अजून तर काहीच झालं नाही.

स्टीलच्या भांड्यात काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

"मी तयार आहे, बू डॉक्टर," लासियेम डोळे घट्ट मिटून म्हणाली. "करा सुरुवात."

 मग डॉक्टरने तिच्या अंगावर चादर ओढली. खांद्याशी चादर लागली तेव्हा तिला ते समजलं.

"झालं, इबू," डॉक्टर म्हणाली. "सगळीकडे टोचून झालं."